फाटे फुटणाऱ्या गोष्टींची पुस्तकं: पहिलं कोणतं?

प्रश्न असा आहे: “लहानपणी अमेरिकेहून आलेल्या आत्याने एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. पानाच्या तळाशी ‘गुहेत शिरायचं असेल तर अमुक पानावर जा, परत फिरायचं असेल तर तमुक पानावर’ असं लिहिलेलं असायचं. हा प्रकार १९७९ साली एडवर्ड पॅकार्ड यांनी शोधला असं सगळीकडे वाचतो. खरं आहे का? आणि मराठीत असं काही लिहायचं तर या इतिहासातून काय घेता येईल?”

१९७९ हे साल मालिकेचं आहे, युक्तीचं नाही. युक्ती बरीच जुनी आहे, आणि ती एकदा नव्हे, निदान तीन-चार वेळा वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या गरजेपोटी शोधली. मी गेली अठरा वर्षं पुण्यात याच कामात आहे. नर्स, बँकेतले कर्मचारी, विमा प्रतिनिधी यांच्या प्रशिक्षणासाठी फाट्यांच्या गोष्टी लिहिते आणि अधूनमधून मुलांसाठीही. त्यामुळे हा इतिहास मी रोजच्या कामाच्या गरजेने वाचला आहे आणि त्याबद्दल मला मनापासून सांगायचंय.

आधी पानं उलटवण्याची यंत्रणा. वाचकाने पुस्तक सरळ न वाचता सूचनेप्रमाणे उड्या मारायच्या, हे छपाईच्या अगदी सुरुवातीच्या काळापासून आहे. इटलीतल्या पेरुजा इथे १४८२ साली लोरेंझो स्पिरितो यांचं शकुनाचं पुस्तक छापलं गेलं. त्यात वीस प्रश्न आहेत. आपला प्रश्न निवडायचा, तो एका राजाकडे पाठवतो, मग तीन फासे टाकायचे, जे दान पडेल त्यावरून पुढचं पान, आणि असं करत करत एका प्रेषिताच्या तोंडचं उत्तर मिळतं. तीन फाशांची दानं ५६ प्रकारे पडतात, तेवढ्या वाटा आखलेल्या. आपल्याकडे रामशलाका प्रश्नावलीत बोट ठेवून चौपाई शोधणाऱ्यांना हे लगेच समजेल. पण यात गोष्ट नाही. वाचक काही ठरवत नाही, फासे ठरवतात.

वाचकाने ठरवायचं आणि त्यावर गोष्ट वळायची, असं मला माहीत असलेलं पहिलं पूर्ण पुस्तक १९३० चं आहे. न्यूयॉर्कच्या सेंच्युरी कंपनीने काढलेलं ‘कन्सिडर द कॉन्सिक्वेन्सेस!’, म्हणजे ‘परिणामांचा विचार करा!’. लेखिका दोघी: डॉरिस वेब्स्टर आणि मेरी अल्डन हॉपकिन्स. हॉपकिन्स पत्रकार होत्या, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या. या दोघींनी १९२७ मध्ये एक वेगळंच पुस्तक केलं होतं: वाचकाने प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि त्यावरून आपल्या स्वभावाचं वर्णन शोधायचं. मला हा दुवा फार महत्त्वाचा वाटतो. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात वाचकाची उत्तरं त्याला एका परिच्छेदाकडे नेतात. त्या परिच्छेदाच्या जागी प्रसंग ठेवला की गोष्टीला फाटा फुटतो. तीनच वर्षांत दोघी तिथे पोचल्या.

पुस्तकात तीन माणसं आहेत. हेलन रॉजर्स, आणि तिच्याशी लग्न करू पाहणारे जेड हॅरिंगडेल व सॉन्डर्स मीड. तिघांच्या आयुष्याचे तीन भाग, आणि सगळे मिळून ४३ शेवट. पहिल्या भागात तुम्ही हेलनच्या वतीने निर्णय घेता, पुढे त्याच दोन पुरुषांच्या बाजूने. ज्याला तुम्ही मघाशी नकार दिलात त्याच्या आत शिरून पुन्हा निवड करायची! आजही मी कार्यशाळेत हे सांगते तेव्हा लिहिणारी मुलं वह्या बाजूला ठेवून ऐकतात. यात ड्रॅगन नाहीत, भुयारं नाहीत. कुणाशी लग्न करायचं, कुणाचं ऐकायचं, काय सोडायचं, एवढंच आहे. आणि म्हणूनच यातल्या निवडी खऱ्या आहेत. ‘डावं भुयार की उजवं’ हा फाटा मी कमअस्सल मानते, कारण वाचकाकडे एक बाजू घ्यायला काही कारणच नसतं. हेलनच्या फाट्यावर मात्र वाचणारी बाई स्वतःचं काहीतरी पणाला लावते. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळून तेव्हा दहाच वर्षं झाली होती. त्या काळात दोन बायकांनी ‘तुझ्या निर्णयाने काय काय होईल ते बघ’ असं पुस्तक लिहावं, हे मला केवळ खेळ म्हणून वाचता येत नाही.

या पुस्तकाची परंपरा मात्र झाली नाही. पुढच्या लोकांनी तेच चाक पुन्हा घडवलं.

इथे हमखास अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांचं नाव येतं. त्यांनी १९४१ मध्ये हर्बर्ट क्वेन नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या लेखकावर एक लेख लिहिला, म्हणजे लेखाच्या रूपातली कथाच. या क्वेनने एक कादंबरी लिहिली असं त्यात सांगितलंय: एक पहिलं प्रकरण, त्याच्या आदल्या दिवसाच्या तीन शक्यता, आणि त्या प्रत्येकीच्या आदल्या दिवसाच्या आणखी तीन. एक, तीन आणि नऊ मिळून तेरा प्रकरणं, त्यातून नऊ कादंबऱ्या. लक्षात घ्या, इथे फाटे पुढे नाही, मागे फुटतात. कल्पना अफाट आहे, पण बोर्हेस यांनी ती कादंबरी लिहिली नाही, तिचं वर्णन केलं. कोर्तासार यांच्या १९६३ च्या ‘रायुएला’ या कादंबरीचंही नाव घेतलं जातं. १५५ प्रकरणं, पहिली ५६ सरळ वाचा, नाहीतर ७३ पासून सुरू करून दिलेल्या क्रमाने ठिकरीच्या खेळासारख्या उड्या मारा. तिथे वाचक सुरुवातीला एकदाच निवडतो. फाट्यांच्या गोष्टींच्या घरात मी ते धरत नाही, शेजारी धरते.

आता ज्या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय तो साहित्यातला नाहीच. नॉर्मन क्राउडर. अमेरिकेच्या हवाई दलात इलेक्ट्रॉनिक यंत्रांमधले बिघाड शोधायला तंत्रज्ञांना शिकवायचं, या कामातून त्यांची पद्धत निघाली. त्या काळी शिकवण्याच्या यंत्रांबद्दल मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचा दबदबा होता. स्किनर म्हणत, धडा इतक्या बारीक पायऱ्यांत तोडा की विद्यार्थी चुकणारच नाही. क्राउडर यांचं म्हणणं उलट: माणूस चुकेल, आणि तो कसा चुकला ते बघूनच पुढे काय सांगायचं ते ठरवा. त्यासाठी त्यांनी आधी यंत्रं केली आणि १९५८ पासून ‘ट्यूटरटेक्स्ट’ नावाची पुस्तकं. संगणकाचं अंकगणित शिकवणारं एक, पत्त्यांमधला ब्रिज शिकवणारं एक, अशी बरीच निघाली. पानावर थोडी माहिती, खाली एक प्रश्न, तीन-चार उत्तरं, आणि प्रत्येक उत्तरापुढे पानाचा आकडा. पानं मुद्दाम विस्कटलेली. चुकीचं उत्तर निवडून त्या पानावर गेलात की पुस्तक तुम्हाला सांगतं की तुम्ही बहुधा असा असा विचार केला असेल, तो इथे का लागू होत नाही, आता मागच्या पानावर परत जा.

याची किंमत मला एका प्रसंगाने कळली. कामाला लागून तीनेक वर्षं झाली होती. एका रुग्णालयासाठी मी रक्त चढवताना घ्यायच्या काळजीवर फाट्यांची गोष्ट लिहिली. रक्त सुरू होऊन दहा मिनिटं झालीत, पेशंटला हुडहुडी भरते. तुम्ही आधी काय कराल? पांघरूण घालाल, थेंबांचा वेग कमी कराल, की रक्त थांबवाल? बरोबर उत्तर शेवटचं: आधी रक्त थांबवायचं. उरलेल्या दोन्ही पानांवर मी एकच ओळ टाकली होती, ‘चूक. पुन्हा प्रयत्न करा.’ सत्र संपल्यावर वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या एक सिस्टर माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “ताई, थंडी वाजली की आम्ही आधी पांघरूणच देतो. बाकी पेशंटना ते बरोबरच असतं. मग इथे चूक का, ते तुमच्या पानावर कुठे आहे?” त्या रात्री मी ती दोन्ही पानं नव्याने लिहिली. पांघरुणाच्या पानावर लिहिलं की तुमचा हात सवयीने ब्लँकेटकडे गेला, आणि एरवी तो बरोबरच जातो; पण इथे हुडहुडी ही रक्त न जुळल्याची खूण असू शकते, आणि तुम्ही पांघरूण घालताय तेवढ्या वेळात आणखी रक्त आत जातंय. काही महिन्यांनी क्राउडर वाचले तेव्हा हीच गोष्ट त्यांनी १९५० च्या दशकात पद्धत म्हणून मांडलेली सापडली. चुकीच्या फाट्यावरचं पान हे बरोबर पानापेक्षा जास्त मेहनतीचं असतं, कारण तिथे चुकलेला माणूस एकटा उभा असतो.

शिकवण्याच्या या पुस्तकांचा धागा लगेच साहित्यात शिरला, आणि तो कुणी ओढला हे नोंदलेलं आहे. रेमों केनो हे फ्रेंच कवी आणि गणिताचे दर्दी. १९६० मध्ये त्यांनी फ्रांस्वा ल लियोने यांच्याबरोबर ‘उलिपो’ हा गट काढला. नियम आणि गणित वापरून साहित्य कसं रचता येईल याचा शोध घेणारा. १९६१ मध्ये केनो यांनी दहा सुनीतांच्या ओळी कापून सुट्या केल्या. कोणतीही ओळ कुठल्याही सुनीतातून घ्या, एक कोटी गुणिले एक कोटी इतकी सुनीतं होतात. आणि १९६७ मध्ये एक चिमुकली कथा लिहिली, ‘तुमच्या पद्धतीने गोष्ट’ अशा अर्थाच्या नावाची. संगणकाला द्यायच्या सूचना आणि प्रोग्रॅम्ड शिक्षण, म्हणजे स्किनर-क्राउडर यांच्यासारखं आधी आखून ठेवलेल्या पायऱ्यांनी शिकवणं, यांवरून तिची मांडणी घेतल्याचं उलिपोने उघड सांगितलं आहे.

एकूण २१ तुकडे. पहिला तुकडा विचारतो, तीन चुणचुणीत वाटाण्यांची गोष्ट ऐकायचीय का? हो तर ४ वर जा, नाही तर २ वर. दोनवर विचारणा: मग तीन उंच काटकुळ्या खांबांची चालेल? नाही? तीनवर या: तीन मध्यम, सुमार झुडपांची? तीही नको म्हणालात तर थेट २१ वर, आणि गोष्ट संपली. पहिल्यालाच हो म्हणालात तर हिरवे कपडे घातलेले तीन वाटाणे शेंगेत झोपलेले भेटतात, आणि पुस्तक पुन्हा विचारतं, हे वर्णन आवडलं का? म्हणजे इथे पात्र काय करेल हे वाचक ठरवत नाही. गोष्ट कशी सांगायची हे ठरवतो. झोपताना गोष्ट ऐकणारं मूल नेमकं हेच करतं: वाटाणा नको, दुसरं सांग, नाही, मघाचंच सांग. माझ्या मते फाट्यांचा इतका शुद्ध नमुना दुसरा नाही. शिकवायला बसले की मी पहिल्या दिवशी हाच घेते, कारण कागदाच्या एका पाठपोट पानावर अख्खा मावतो आणि त्याचा नकाशा मुलं दहा मिनिटांत काढतात.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्येही हालचाल होती. १९६७ मध्ये हिल्डिक यांचं लेस नावाच्या मांजराच्या साहसांचं मुलांचं पुस्तक आलं. १९६९ मध्ये डेनिस गेरिए आणि जोन रिचर्ड्स यांची ‘स्टेट ऑफ इमर्जन्सी’: नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका आफ्रिकी देशात राज्यकर्त्याने काय करावं, हे वाचकाने ठरवायचं. ही उघडउघड क्राउडर यांच्या वळणाची, प्रोग्रॅम्ड पद्धतीची कादंबरी. पुढे १९७२ पासून मुलांसाठी ‘ट्रॅकर’ मालिका निघाली.

आणि आता पॅकार्ड. ते वकील होते. मुलींना झोपताना गोष्ट सांगायचे, एकदा पुढचं सुचेना, तेव्हा त्यांनी मुलींनाच विचारलं की आता याने काय करावं. दोघींनी दोन उत्तरं दिली. त्यांनी दोन्ही गोष्टी पुढे नेल्या. यातून १९६९ मध्ये उसाच्या बेटावरची गोष्ट लिहून झाली, पण प्रकाशक मिळेना. १९७६ मध्ये व्हरमाँटमधल्या एका छोट्या प्रकाशन संस्थेने ती छापली. ती संस्था चालवणारे आर. ए. मॉन्टगोमेरी स्वतः भूमिका घेऊन शिकण्याच्या खेळांच्या कामात मुरलेले होते, म्हणून त्यांना हस्तलिखित पाहताच त्याची ताकद कळली. पुन्हा शिक्षणच! मोठा प्रकाशक आला १९७९ मध्ये: बँटमने ‘चूज युवर ओन अॅडव्हेंचर’ मालिका सुरू केली, पहिलं पुस्तक पॅकार्ड यांचं ‘द केव्ह ऑफ टाइम’. १९९८ पर्यंत १८४ पुस्तकं आणि २५ कोटींहून जास्त प्रती. तुमच्या आत्याने आणलेलं पुस्तक बहुधा यातलंच.

‘केव्ह ऑफ टाइम’ हातात घेऊन मोजा. ११५ पानं आणि ४० शेवट. म्हणजे दर शेवटाच्या वाट्याला तीन पानंसुद्धा येत नाहीत. फाट्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात या हिशेबाशी गाठ पडते. दर फाट्यावर दोन वाटा आणि सलग दहा फाटे ठेवलेत, तर शेवट होतात १,०२४ आणि लिहायचे तुकडे २,०४७. कुणीच ते लिहू शकत नाही. पॅकार्ड यांनी वाटा लवकर संपवून हा हिशेब आवाक्यात ठेवला: गोष्ट चटकन संपते, मूल पुन्हा पहिल्या पानावर येतं. अशा भराभर पसरणाऱ्या रचनेला आजचे खेळ लिहिणारे या पुस्तकावरूनच ‘टाइम केव्ह’ म्हणतात. आणि पॅकार्ड यांनी आणखी एक केलं. नायकाला नाव दिलं नाही. नायक म्हणजे ‘तू’.

त्यांच्या १९८२ च्या एका पुस्तकात तर एक विलक्षण गोष्ट आहे. परग्रहावरच्या यानात तुम्ही अडकलाय आणि अल्टिमा नावाच्या स्वर्गासारख्या ग्रहाचा शोध चाललाय. सगळे फाटे घेऊन पाहा, तिथे पोचताच येत नाही. पण पानं नुसती चाळली तर त्या ग्रहाचं पान पुस्तकात आहे! कुठल्याही सूचनेत त्याचा आकडा नाही. नियम मोडून, बोट भलत्याच पानात घालून वाचणाऱ्या मुलालाच ते सापडतं. पुस्तक म्हणजे कागदाचा गठ्ठा आहे आणि तो कसाही उघडता येतो, या साध्या गुणाचा इतका सुंदर उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पडद्यावर हे जमत नाही; तिथे दुवा नाही तर पानच नाही.

खेळाच्या बाजूने आलेला प्रवाह वेगळा. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ आला, पण खेळायला मंडळी जमवावी लागायची. ज्यांना मंडळी नव्हती त्यांच्यासाठी १९७६ मध्ये रिक लूमिस यांनी ‘बफेलो कॅसल’ काढलं, एकट्याने खेळायचं. मग १९८२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात पफिनने स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन यांचं ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ छापलं. ४०० क्रमांकित परिच्छेद, दोन फासे, एक पेन्सिल. पेरुजाच्या फाशांना त्या वर्षी बरोबर ५०० वर्षं झाली होती. पॅकार्ड यांच्या पुस्तकाला आठवण नव्हती. तुम्ही मागे काय केलं हे पुढच्या पानाला ठाऊक नसायचं. इथे कौशल्य, ताकद, नशीब आणि झोळीतल्या वस्तू वाचक कागदावर लिहून ठेवतो, म्हणजे आठवण वाचकाच्या हातात. वाटेत मिळालेल्या किल्ल्यांवर आकडे कोरलेले असतात आणि शेवटी त्या आकड्यांची बेरीज हाच पुढच्या परिच्छेदाचा क्रमांक. किल्ली नसेल तर बेरीज नाही, बेरीज नाही तर वाट नाही. कुलूप म्हणून नुसतं अंकगणित! दोघांनी डोंगराचे दोन भाग वाटून घेतले होते आणि मधल्या नदीवर ते जोडले. मोठ्या गोष्टीत अशी नदी लागतेच, जिथे सगळ्या वाटा पुन्हा एकत्र येतात.

मराठीत लिहायचं म्हणालात, तर एक अडचण आधीच सांगते, जी इंग्रजी लिहिणाऱ्यांना कधी आलीच नाही. त्यांचं ‘यू’ मुलगा-मुलगी दोघांना सारखंच बसतं. आपलं ‘तू गुहेत शिरलास’ म्हटलं की मुली बाहेर राहिल्या, ‘शिरलीस’ म्हटलं की मुलगे. वर्तमानकाळातही ‘शिरतोस’, ‘शिरतेस’ आहेच. मी दोन वाटा वापरते. मोठ्यांसाठी ‘तुम्ही’: ‘तुम्ही शिरता’, ‘तुम्ही शिरलात’ यात लिंग कळत नाही, फक्त ‘एकटे’, ‘दमलेले’ असली विशेषणं टाळावी लागतात. लहानांसाठी ‘तू’ ठेवून क्रियापद वाचकापासून काढून वस्तूकडे द्यायचं: ‘तू दार उघडलंस’, ‘तुला पायऱ्या दिसल्या’, ‘तुझ्या हातातला कंदील विझला’. दार, पायऱ्या आणि कंदील आपापलं लिंग सांभाळतात आणि वाचणारं मूल मोकळं राहतं. निवडीच्या ओळीत भविष्यकाळ घ्या, ‘आत जाशील की हाक मारशील?’, तिथे अडचणच नाही.

आणि सुरुवात केनोच्या वाटाण्यांइतकी लहान करा. वीस-एकवीस चिठ्ठ्या, जमिनीवर पसरून, दोऱ्याने जोडून. आधी त्या चिठ्ठ्या लिहा ज्यांच्यावर वाचक चुकून पोचणार आहे. पानांचे आकडे सगळ्यात शेवटी घाला, पेन्सिलीने.